शेवटचं आमेन घरच्या बाईचं

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला एक कापडी पिशवी अडकवलेली आहे. तिच्यात पिशव्या. भाजीच्या, किराणाच्या, मेडिकलच्या. एक काढायला जावं तर गुंतून चार बाहेर येतात, आणि परत कोंबायला जावं तर त्याच पिशवीत मावत नाहीत. किश्श्यांचं तसंच असतं. मुद्दाम कुणी गोळा करत नाही आणि टाकून द्यायला जीव होत नाही. माझ्याकडं आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेचेच इतके साठलेत की आता थोडे बाहेर काढले नाहीत तर दार लागायचं नाही.

आधीच सांगते, मी श्रद्धाळू बाई आहे. म्हणजे असावी. (या वाक्याला माझा नवरा नेहमी खोकतो.) कुरुंदवाडहून लग्न करून उचगावात आले, मग रिबेका, आमची रिबू, झाली, आणि तेव्हापासून मला सगळ्याची काळजी वाटते. पोरीला शी झाली नाही की काळजी, झाली की रंगाची काळजी. माझं केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालंय, त्यामुळं काळजी जरा शास्त्रशुद्ध असते इतकंच.

त्यात एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की माणूस ज्यांच्यात उठतो-बसतो त्यांच्यासारखाच होत जातो, तेव्हा लेकरांसाठी संगत निवडून घ्या. झालं! घरी येऊन मी सॅमला, म्हणजे नवऱ्याला म्हटलं, की आपल्याला संगतच नाही. तो फौंड्रीत सुपरवायझर आहे. दिवसभर वितळलेलं लोखंड बघून आलेला माणूस. जेवता जेवता म्हणाला, "मी आहे की."

याला संगत म्हणत नाहीत, असं त्याला समजावून मी गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनेत नाव घातलं.

*

गुरुवारची प्रार्थना आळीपाळीनं एकेकीच्या घरी असते. पुढारी लीलाकाकू. मिशनच्या दवाखान्यात मेट्रन होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण वॉर्ड अजून सुटलेला नाही. देवाशीसुद्धा त्या नाइट ड्यूटीच्या नर्सशी बोलल्यासारखं बोलतात. 'प्रभू, तुला मागच्या गुरुवारी सांगितलं होतं' अशी त्यांची सुरुवात असते.

नियम त्यांचेच. सगळ्यांनी डोळे मिटायचे. प्रत्येकीनं क्रमानं मोठ्यानं प्रार्थना करायची. आणि शेवटचं आमेन जिच्या घरी प्रार्थना आहे त्या घरच्या बाईनं म्हणायचं. ते होईपर्यंत कुणीही डोळे उघडायचे नाहीत. काही झालं तरी नाहीत. एकदा एका घरी मांजर आलं आणि टीपॉयवरची खारी घेऊन गेलं. सगळ्यांना ऐकू आलं, पण डोळे कुणीच उघडले नाहीत. खारी मांजरानं नेली हे लीलाकाकूंनी प्रार्थनेतच देवाच्या कानावर घातलं.

पहिल्यांदा माझ्या घरी प्रार्थना ठरली तेव्हा मी आदल्या दिवसापासून फरशी पुसत होते. चहा केला, सगळ्यांनी घेतला, कुणी काही बोललं नाही. मला हायसं वाटलं. मग डोळे मिटले. लीलाकाकूंची पाळी आली.

"हे दयाळू बापा, या तरुण भगिनीला पाहुणचाराचं मन दे. चहात आलं घालायची तिला बुद्धी दे. आणि साखर घालताना तिचा हात मोकळा कर."

आता डोळे मिटलेले असताना, देवाशी चाललेल्या बोलण्यात, मध्येच 'काकू, आलं संपलं होतं' असं कसं म्हणणार? सगळ्या थांबल्या. शेवटचं आमेन घरच्या बाईचं. घरची बाई मी.

मी आमेन म्हटलं. माझ्याच चहाविरुद्ध!

*

हा प्रकार फक्त माझ्याच वाट्याला नाही, हे मला कळलं ते पांढऱ्या रश्श्यामुळं.

आमच्यात दुसऱ्या मोठ्या म्हणजे एस्तरवहिनी. शाळेत मराठी शिकवतात, रविवारी संडे स्कूल घेतात, आणि त्यांचा पांढरा रस्सा चर्चमध्ये प्रसिद्ध आहे. निदान त्यांच्या मते. ख्रिसमसच्या जेवणाला रस्सा कुणी करायचा यावरून त्यांचं आणि लीलाकाकूंचं बिनसलं. बिनसलं म्हणजे भांडण नाही हं. विश्वासातल्या, म्हणजे येशूला मानणाऱ्या, बायका भांडत नाहीत. दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलायला लागल्या की आम्हा बाकीच्यांना भीती वाटायला लागली.

त्या गुरुवारी लीलाकाकूंनी प्रार्थनेत, ज्यांच्या हातानं मीठ जास्त पडतं त्यांना क्षमा कर, अशी मागणी केली. एस्तरवहिनींची पाळी होऊन गेली होती. तरी त्यांनी पुन्हा सुरू केलं, की प्रभू, ज्यांना रिटायर झाल्यावरही ऑर्डरी सोडल्याशिवाय राहवत नाही त्यांना नम्रता दे. लीलाकाकूंनी लगेच, ज्यांनी मागच्या ख्रिसमसला खोबरं कमी पडलं म्हणून रश्श्यात भलतंच काहीतरी ढकललं, त्यांना सत्य बोलायचं धैर्य मागितलं. एस्तरवहिनींनी, ज्यांनी तो रस्सा तरीही तीनदा वाढून घेतला, त्यांच्या ब्लडप्रेशरसाठी कृपा मागितली.

असं बराच वेळ चाललं. घरच्या बाईला आमेन म्हणायला फटच सापडेना. शेवटी मी नियम मोडला आणि एक डोळा किलकिला केला.

दोघींचेही डोळे सताड उघडे होते. एकमेकींवर रोखलेले. तोंडानं मात्र, 'हे प्रभू, हे प्रभू.'

*

आमचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. त्यावर फक्त प्रार्थना-विनंत्या टाकायच्या. चुगलीला सक्त मनाई.

एका सकाळी एस्तरवहिनींची विनंती आली. एका कुटुंबासाठी मनापासून प्रार्थना करा. नाव सांगणं योग्य होणार नाही. कर्त्या माणसानं नोकरी सोडली आहे आणि बायकोला अजून सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन बाहेर पडतात आणि बागेत बसतात. घराच्या गेटला नुकताच हिरवा रंग दिलेला आहे.

आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. दुपारपर्यंत त्या हिरव्या गेटच्या घरात तीन बायका भेटायला जाऊन आल्या. एकीनं खीर नेली. त्या घरच्या बाईंना कळेना, की आपल्या घरी कोण वारलं. चौथीनं जाऊन त्यांचे हात हातात घेतले आणि सांगितलं, की देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरं उघडतो, भाऊंना दुसरी नोकरी मिळेल. संध्याकाळी भाऊ रिकामा डबा घेऊन घरी आले तेव्हा दार खरंच बंद होतं.

मी धीर करून एस्तरवहिनींना विचारलं, की हे बरं झालं का. त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं.

"मी नाव घेतलं का? नाव घेतलं असतं तर चुगली झाली असती."

पुढच्या महिनाभरात चर्चमधल्या निम्म्या लोकांनी गेटं काळी करून घेतली.

*

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्यात काहीतरी सोडायचं असतं. आवडतं ते. गुरुवारी प्रत्येकीनं काय सोडलं ते जाहीर करायचं.

लीलाकाकूंनी साखर सोडली. डॉक्टरांनी ती त्यांना दिवाळीतच सोडायला लावली होती, पण देवाला ते कुठं माहीत! एस्तरवहिनींनी मटण सोडलं. फक्त मटण. कोंबडी, अंडी, मासे हे त्यांच्या यादीत मटण नव्हतं. मी मोठ्या तोऱ्यात टीव्हीवरची मालिका सोडली. संध्याकाळचा तो अर्धा तास माझा जीव की प्राण होता, त्यामुळं त्यागात मीच पहिली आले असा माझा समज झाला.

आता इथं वंदनाताई येतात. त्या आमच्या शेजारी. मधे कमरेएवढी भिंत. त्यांचं शेत आहे, दारात गोठा आहे, दोन म्हशी आहेत, आणि आमचं दूध त्यांच्याकडूनच किटलीतून येतं. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या. बोलणं असं, की हळू बोलल्या तरी पलीकडच्या गल्लीत कळावं. रिबू दोन महिन्यांची असताना ती रडायला लागली की मीही रडायला लागायचे. एकदा त्या भिंतीवरून आल्या, पोरीला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, की एकीनं गप बसा, म्हंजे कोण रडतंय ते तरी कळंल. तेव्हापासून त्या आमच्याच.

तर मालिका सोडल्यावर तिसऱ्या दिवशी मी दूध आणायला म्हणून त्यांच्याकडं गेले, नेमकी त्याच वेळेला. त्यांच्या टीव्हीवर तीच मालिका चालू होती. मी उभ्या उभ्या बघितली. दुसऱ्या दिवशी बसून बघितली. टीव्ही माझा नव्हता, लावला मी नव्हता, डोळे तेवढे माझे होते. आठवड्यानं वंदनाताईंनी विचारलं, की तुमचा टीव्ही बिघडलाय काय. मी त्यांना चाळीस दिवसांचं सगळं समजावून सांगितलं. आत्मसंयम, त्याग, सगळं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग तुझ्या देवाला आमच्या घरातलं दिसत न्हाय व्हय?"

आणि जाहिराती संपल्या म्हणून आवाज वाढवला.

*

वंदनाताई म्हणजे कुणी साध्वी आहेत असं मात्र समजू नका. धाकट्या जावेशी त्यांचा उभा दावा आहे. जाऊ पलीकडच्या बाजूला राहते, तिच्याकडंही म्हशी आहेत.

एकदा किटली हातात देता देता त्यांनी मला बाजूला घेतलं. तुमच्यात बायका गोळा होऊन मागतात, त्यामुळं वर लवकर पोचत असेल असा त्यांचा अंदाज होता. तेव्हा एक काम होतं. जावेची म्हैस आटू दे, एवढं मागायचं.

मी घाबरले. आमच्यात कुणाचं वाईट मागत नाहीत, शत्रूचंसुद्धा चांगलंच मागायचं असतं, असं मी मोठं भाषण केलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. पण बाई व्यवहारी. म्हणाल्या, बरं, मग माझी जास्त दूध दिऊ दे, तेवढं तर मागशील?

यात वाईट काही नव्हतं. तरी दोन दिवस मी विचार केला, कारण मी प्रत्येक गोष्टीचा दोन दिवस विचार करते. मग गुरुवारी माझी पाळी आल्यावर मी हळूच म्हटलं, की प्रभू, आमच्या शेजाऱ्यांच्या जनावरांना आशीर्वाद दे. लीलाकाकूंनी नंतर विचारलं, की कुणाची जनावरं? मी नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या विश्वासात आहेत का?" म्हशीबद्दल विचारतात की मालकिणीबद्दल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्याच आठवड्यात जावेची म्हैस व्याली. रेडी झाली. म्हैस दोन्ही वेळेला बादली भरून दूध द्यायला लागली. वंदनाताईंच्या म्हशी होत्या तशाच.

त्यांनी मला भिंतीपाशी बोलावून घेतलं आणि मी नेमकं काय मागितलं ते विचारलं. मी शब्द न् शब्द सांगितला.

"शेजाऱ्यांच्या म्हटलीस व्हय? अगं, ती बी शेजारीच की! पत्ता तरी नीट द्यायचा."

*

मी आता दुपारी एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते. रिबू शाळेतून येते ती थेट वंदनाताईंकडं. तिथं तिचा स्वतःचा एक पितळी पेला आहे. त्याच पेल्यातून दूध पिते, दुसऱ्या कशातून पीत नाही. म्हशींची नावं तिनं ठेवलेली आहेत. एकीचं नाव सारा, दुसरीचं शकुंतला. सर्वधर्मसमभाव.

आणि बोलायलाही ती तिथंच शिकली. कोल्हापुरात खेड्यातल्या बायकासुद्धा 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तसं रिबूही म्हणते. माझ्या माहेरीही असंच बोलतात. कॉलेजात गेल्यावर मी ते घासून घासून काढलं, आणि आता ते माझ्याच घरात पुन्हा उगवलंय.

एका रविवारी संडे स्कूलमध्ये एस्तरवहिनींनी मुलांना विचारलं, की देव कुठं आहे. सगळ्या मुलांनी वर बोट केलं. रिबू म्हणाली, "वर बी हाय, खाली बी हाय, गोठ्यात बी हाय."

वहिनींनी विचारलं, गोठ्यात कसा असेल?

"तिथंच जन्मला की."

ही गोष्ट गुरुवारी माझ्यासमोर आली. मला आपलं वाटलं, पोरीचं कौतुक होणार. आईपण माणसाला किती मूर्ख करतं बघा. वहिनी अतिशय जड आवाजात म्हणाल्या, की उत्तर चूक नाही, पण भाषा कुठून येते आहे ते बघायला हवं. लीलाकाकूंनी सांगितलं, की पोरीच्या फ्रॉकला शेणाचा वास येतो, आणि वास कपड्यावरून मनावर जायला वेळ लागत नाही.

दर ख्रिसमसला चर्चमध्ये पुठ्ठ्याचा गोठा करतात. त्याच्यावर कापूस लावायचं काम लीलाकाकू दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

*

मग संगतीचा विषय निघाला. निघणारच होता. दोघींनी मला मधे बसवून सांगितलं, की पोरीचं वय कोवळं आहे, आत्ता जे मनात जाईल ते राहील, तेव्हा दुपारी तिला विश्वासातल्या घरी ठेवावं. एस्तरवहिनींची शाळा सकाळची, दुपारी त्या शिकवणीची मुलं घेऊन घरीच असतात. त्या आनंदानं सांभाळतील. आधी आठवडाभर ठेवून बघ, मग कायमचं ठरवू.

त्यांचं खोटं होतं असं मला म्हणता येईना. हीच तर काळजी घेऊन मी त्यांच्यात आले होते. उद्या पोरगी मोठी झाली आणि तिला प्रार्थना येईना, वचन आठवेना, तर कुणाला विचारतील? आईला. मी इंटरनेटवर वाचलं, तिथं तर पाचव्या वर्षापर्यंत सगळं संपलेलं असतं असं लिहिलं होतं. रिबू पाचच वर्षांची.

वंदनाताईंना मी सांगितलं, की आठवडाभर रिबूला वहिनींकडं ठेवते, तिची मराठी सुधारायला. त्या आत गेल्या आणि पितळी पेला घासून घेऊन आल्या. "ह्यो घिऊन जा. दुसऱ्यात पीत न्हाय ती."

आठवड्यानं रिबूची मराठी खरंच सुधारली. 'आहे', 'नाही', 'मी जाते' अशी छापील झाली. पेला मात्र कपाटावर ठेवलेला होता, कारण वहिनींकडं सगळी मुलं सारख्याच मगमधून दूध पितात. रिबूनं आठवडाभर दूध घेतलं नव्हतं.

त्या शनिवारी मी भांडी घासत होते, सॅम पेपर वाचत होता. रिबूनं तिचं टेडी, एक बाहुली आणि माझं लाटणं गोल बसवलं. लाटण्याला ओढणी गुंडाळली. मग डोळे मिटून अतिशय शुद्ध मराठीत सुरू केलं.

"हे दयाळू बापा, इथं एकजण खूप वाईट वागतं. मी नाव घेत नाही. पण त्याचा एक कान तुटलेला आहे. त्याला बुद्धी दे."

टेडी बिचारं आपल्या एका कानानं ऐकत होतं.

सॅमनं पेपर खाली घेतला. "पास झाली पोरगी," म्हणाला, आणि पेपर परत वर केला.

मला हसू आलं. मग हात साबणातच राहिले. संगतीचा परिणाम होतो, हा पाळकसाहेबांचा शब्द तंतोतंत खरा ठरला होता.

*

पुढच्या गुरुवारी प्रार्थना माझ्या घरी. त्यातच रिबूचं कायमचं ठरणार होतं. म्हणजे लीलाकाकू ते देवासमोर मांडणार, मी आमेन म्हणणार, आणि सोमवारपासून शाळा सुटल्यावर एस्तरवहिनी तिला घेऊन जाणार. सॅमला विचारलं तर तो म्हणाला, तू ठरव, पण कुणाला घाबरून ठरवू नको. घाबरल्याशिवाय मी आजवर साधी भाजीही घेतलेली नाही, हे त्या माणसाला इतक्या वर्षांत कळू नये?

चहाचं दूध गॅसवर मंद ठेवलं. आलं आधीच किसलं होतं, भरपूर. रिबूला आतल्या खोलीत चित्रं काढायला बसवलं. आम्ही डोळे मिटले. सगळ्या पाळ्या झाल्या. मी माझ्या पाळीला पावसापाण्याबद्दल काहीतरी पुटपुटले. शेवटी लीलाकाकू.

"हे प्रभू, तुला सगळं माहीतच आहे. या लेकराला त्या गोठ्यातून बाहेर काढ. आणि तिच्या आईला तो शेजार तोडायचं धैर्य दे. येशूच्या नावानं मागतो."

आणि थांबल्या. सगळ्या थांबल्या.

मी तोंड उघडलं. चहाच्या वेळेला निघालं होतं ते, हिरव्या गेटला हात जोडताना मनात निघालं होतं ते आमेन, आज घशातून वरच येईना. मी मुद्दाम केलं असं नाही. मुद्दाम काही करणाऱ्यातली मी नव्हे. मी मनात शब्द जुळवला, जीभ जागेवर नेली, आणि माझ्या डोळ्यांसमोर कपाटावरचा तो पितळी पेला आला. तोंड परत मिटलं.

फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. एस्तरवहिनींनी घसा साफ केला. लीलाकाकूंची खुर्ची करकरली.

लीलाकाकूंनी पुस्ती जोडली, "आणि प्रभू, घरच्या बाईला वाचा दे."

मला वाचा आली नाही.

मग दुधाचा वास आला. दूध वर यायला लागलं की एक बारीक आवाज होतो, तो प्रत्येक बाईला झोपेतही कळतो. तिथं बसलेल्या सगळ्यांना कळला. कुणीही हललं नाही. नियम म्हणजे नियम. दूध चर्र करून शेगडीवर गेलं, करपायला लागलं, आणि आम्ही चांगल्या शिकल्यासवरलेल्या बायका डोळे मिटून त्याचा वास घेत बसलो. एस्तरवहिनी हळू आवाजात नुसतंच 'प्रभू, प्रभू' करायला लागल्या. तो रश्श्याच्या वेळचा आवाज नव्हता. घाबरलेला होता.

मागचं दार वाजलं. चपला काढल्याचा आवाज आला, मग किटलीची कडी वाजली.

"आगं, दूध उतू चाललंय की!" वंदनाताई स्वयंपाकघरात शिरल्या. गॅस बंद झाला. पावलं बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि थबकली. मग एकदम हळू आवाज, त्यांना इतकं हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "काय झालं? कोण गेलं?"

आतल्या खोलीच्या दारातून रिबूची कुजबुज ऐकू आली. आठवडाभराची शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेली होती. "आई आमेन म्हणत न्हाय."

"मग?"

"मग कुणी डोळं उघडायचं न्हाईत."

वंदनाताईंनी यावर थोडा विचार केला असावा. मग बांगड्या वाजल्या, गुडघे कटकन वाजले, आणि त्या माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. रिबू आली आणि आमच्या दोघींच्या मधे घुसली. शेणाचा, दुधाचा, वैरणीचा वास खोलीभर झाला.

लीलाकाकूंना राहवेना. पण डोळे उघडता येत नव्हते, आणि प्रार्थनेत देवाशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलता येत नव्हतं. नियम त्यांचेच. त्यांनी आवाज चढवून वर विचारलं, "हे प्रभू, कोण आलं आहे?"

"मी हाय की," वंदनाताई म्हणाल्या. "दूध कमी पडंल म्हणून आलोय."

मी आमेन म्हटलं.